रानचूलचा सभासद

आमच्या म्हाताऱ्याला शेअरमधलं काय कळतंय, असं गावात कोनी म्हनलं की माझं डोस्कं फिरतं. कळत होतं बाबा, लई बारीक कळत होतं. शेळी घेताना जेवढं बगत होता त्याच्या दुप्पट त्यानं ती कंपनी बगितली. चुकला तो दुसऱ्याच जागी, आन तिथं उमापुरातला कोनीबी चुकला असता. त्याला येडा म्हनायचा हक्क माझ्या एकटीचा हाय, बाकीच्यांनी तोंड सांभाळावं.

म्हातारा म्हंजी बंकट, माझा नवरा. आमी शेरडं-मेंढरं राखनारी मानसं. थोडी जमीन हाय, कालव्याचं पानी आलं तवापासून तिच्यात ऊस असतो. थोरली लेक अंजू, धाकटा रामेश्वर. अंजूला चांगल्या घरी दिलती, पन जावई ट्रॅक्टरखाली गेला. लेकरूबाळ न्हवतं. सासरच्यांनी वरीसभर ठेवून घेतलं आन मग एक दिवस पिशवी हातात देऊन एसटीत बसवून दिलं. घरी आली तवा पोरगी भिताडाकडं तोंड करून बसायची. मी वरडायचे, तिच्यावर न्हाई, तिच्या नशिबावर, पन तिला वाटायचं मी तिच्यावरच वरडती.

मग गेवराईच्या अलीकडं हायवेला रानचूल नावाचं हाटेल उघडलं. एकाच मालकाची लई हाटेलं हायेत त्या नावाची, हायवेला हायेत आन पुन्या-मुंबईच्या मॉलमधीबी हायेत. इथं गिऱ्हाइकासमोर चुलीवर भाकरी थापायला बाया पायजे होत्या. अंजू गेली. भाकरी थापायला म्हनून गेली आन बगता बगता आख्खा सैपाक तिच्या हाताखाली आला. गेवराईत खोली केली, जुनी स्कूटी घेतली. डोक्यावर पदर असायचा तिथं पांढरी टोपी आली. माझी पोरगी हसायला लागली, दुसरं काय सांगू.

हे सगळ्यांना गोड वाटलं असं न्हाई. माझा दीर, तात्याबा, त्याला लई खुपायचं. तरनीताठी बाई एकटी ऱ्हाती, लोक काय म्हनतील, हेच त्याचं चालायचं. सारखं चकलांब्याचं एकच स्थळ घेऊन यायचा. मानूस बिजवर, पहिलीची दोन लेकरं, आई अंथरुनाला खिळलेली, घरात खंडीभर मानसं. त्यांना बायको न्हवती पायजे, राबनारी पायजे होती. अंजू दर खेपेला त्याला एकच सांगायची, काका, मला नोकरी हाय. तेवढ्यावर तात्याबाचं तोंड बंद व्हायचं. त्या एका बोलावर माझ्या लेकीची जिंदगी उभी होती. नोकरी हाय तवर ती तिची, नोकरी गेली की चकलांबा. हे मला कळत होतं, म्हाताऱ्याला त्याच्याहून जास्त कळत होतं.

म्हाताऱ्याचे गुडघे गेले तसं आमी बरीचशी मेंढरं विकली. पैसं बँकेत पडलं. रामेश्वरच्या मोबाइलात शेअरचं खातं होतं, तो म्हनला आबा, थोडं शेअरमधी टाकू. मला वाटलं म्हातारा शिव्या घालंल. त्यानं शांतपनी बिडी इझवली आन म्हनला, घ्यायचा तर रानचूलचा घ्यायचा.

माझा भाचा प्रविण, गेवराईत टॅक्सवाल्याच्या हापिसात काम करतो, शिकलेला हाय. म्हातारा त्याच्याकडं जाऊन बसला. मीबी गेलते, मला बाजार करायचा होता, पन दुपारच्याला त्या हापिसातल्या पंख्याखालनं उठूच वाटंना, म्हनून सगळं ऐकलं. प्रविणनं कॉम्प्युटरवर कंपनी उघडली. म्हनला, मामा, हाटेलाच्या कंपनीत आधी एक बघायचं. धंदा वाढला म्हनतात तो जुन्या हाटेलांत गिऱ्हाईक वाढून वाढलाय, का नुसती नवी हाटेलं उघडून आकडा फुगवलाय. म्हातारा खुशीत आला. म्हनला, म्हंजी मीठ चारून पानी पाजलेली शेळी. बाजाराच्या दिवशी पोट टम्म, घरी आनली की दुसऱ्या दिवशी बरगड्या. प्रविण हसला, म्हनला हां, तसंच. मग दोघांनी मिळून एकेक बगितलं. कर्ज किती, भाड्यात किती जातं, मालकानं सोताचा वाटा कुठं गहान ठेवलाय का. कर्ज बेताचं होतं, गहान काय न्हवतं. भाव तेवढा कमाईच्या मानानं चढा वाटतो, प्रविण म्हनला.

म्हाताऱ्याचं तेवढ्यानं भागलं न्हाई. अंजूच्या हाटेलात जाऊन एक दिवसभर मागच्या दारी बसला. कामगारांना जेवायला काय देतात, काळं झालेलं तेल फेकतात का पुन्हा कढईत वततात, पगार तारखेला होतो का. मग गेवराईच्या मंडईत जाऊन त्यांना भाजी घालनाऱ्याला गाठलं, तुझं पैसं अडकवतात का रे. अंजू मला फोनवर म्हनली, माय, आबा माझ्यासाठी स्थळ बगायला आल्यावानी हाटेल बगून गेले. लई हसलो दोघीबी. शेवटचं तसं हसलेलं तेच.

सगळं बगून झाल्यावर प्रविणनं एक गोष्ट सांगितली. म्हनला, मामा, कंपनीची एक बाजू लंगडी हाय. मॉलमधली हाटेलं चांगलं कमवतात, हायवेवरची कसंतरी धकतात. मालक ह्या हायवेवाल्यांचं पुढं काय करतो, त्याच्यावर सगळं हाय. त्यानं हे सावध करायला सांगितलं. आमच्या म्हाताऱ्यानं उलटं धरलं. म्हनला, मग तर आपुन आत असलेलंच बरं.

आता हे नीट ऐका, कारन सगळं इथंच हाय. आमच्याकडं शेअर म्हंजी साखर कारखान्याचा शेअर. तो घेतला की मानूस सभासद होतो. दिवाळीला सस्ती साखर मिळती, उसाला पाळी लवकर लागती. आमचा रामेश्वर हंगामात कारखान्याच्या काट्यावर कामाला जातो, तो कशावर लागला? आबाच्या शेअरवर. सभासदाच्या पोराला कामावरनं काढायचं म्हनलं तर संचालक दहांदा इचार करतो, पुढच्या निवडनुकीला त्याच्याच दारात यायचं असतं. हे म्हाताऱ्यानं जलमभर बगितलेलं. म्हनून तो शेअर घ्यायला निघाला. नफा त्याला नगं होता. बाप सभासद असला की लेकीला कोन हात लावतंय, एवढंच त्याच्या डोस्क्यात होतं. प्रविणनं समजावलं, ह्या कंपनीत तसं नसतं मामा, तुमचा वाटा समुद्रातल्या थेंबाएवढा. म्हातारा म्हनला, कारखान्यातबी माझा थेंबच हाय की.

शेअर घेतले. त्या दिवशी म्हाताऱ्यानं अंजूला फोन करून सांगितलं, पोरी, आता बिनघोर ऱ्हा, मी सभासद झालोय. तिला काय ते कळलं असंल, तिनं उगं मोडता घातला न्हाई. बरं झालं आबा, म्हनली.

पुढं एकदा सकाळी रामेश्वर मोबाइल घेऊन सैपाकाच्या खोलीत आला. मी पीठ मळत होते, म्हातारा उंबऱ्यात चहा पीत होता. रामेश्वर म्हनला, आबा, कंपनीनं सभेबिगर मोबाइलवरच मत मागितलंय, ठराव हायेत. म्हातारा असा ताठ बसला की काय सांगू. मला म्हनला, बग, इचारलं का न्हाई. कारखान्याच्या सभेला मंडप असतो, अध्यक्ष ठराव वाचायला लागतात, आन अर्धा वाचायच्या आत सगळे हात वर करून मंजूर, मंजूर करतात, मग जेवाया उठतात. नामंजूर कोनी म्हनत न्हाई. नामंजूर म्हनायचं म्हंजी भांडन काढायचं, दुसऱ्या दिवशी तुमच्या उसाला तोड येत न्हाई. ही चाळीस वर्षांची सवय. रामेश्वरनं पहिला वाचला, कंपनीच्या नियमांचा होता. मंजूर. दुसरा कोन्या संचालकाचा. मंजूर. तिसरा लांबलचक इंग्रजीत होता. रामेश्वर अडखळला, म्हनला, नीट कळंना, हायवेचं कायतरी हाय.

"हायवेचं म्हंजी आपलंच. कर मंजूर," म्हातारा म्हनला.

रामेश्वरनं बोट दाबलं. मी पिठाचा गोळा उचलला आन थापायला घेतला.

काही दिसांनी शेअर चढला. लईच चढला. रामेश्वर नाचतच आला. म्हाताऱ्यानं गेवराईला जाऊन पेढे घेतले आन थेट अंजूच्या हाटेलात गेला, मागच्या दारानं. एकेका बाईच्या हातावर पेढा ठेवला. आपली कंपनी वाढली, म्हनला, खा. बायांनी खाल्ले, त्याच्या पाया पडल्या. अंजूनं टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली आन मोबाइलात फोटो काढला. तो फोटो अजून तिच्यापाशी असंल. मी कधी बगितला न्हाई, मला बगायचाबी न्हाई.

त्याच आठवड्यात नोटीस आली. हायवेवरची सगळी हाटेलं दुसऱ्या कंपनीला विकलीत. घेनारानं जागा घेतल्या, मानसं न्हाई. तो तिथं चहा-कॉफीची, पाकिटातल्या खाऊची दुकानं टाकनार होता, त्याला चूल कशाला लागती. तीन म्हैन्यांचा पगार आन राम राम.

प्रविणनं म्हाताऱ्याला समजून सांगितलं, शेअर चढला तो कंपनी चांगली चालली म्हनून न्हाई. लंगडा पाय कापला म्हनून चढला.  म्हातारा म्हनला, मी सभासद हाय, मला बोलायचंय, सभा कधी हाय. प्रविणनं चौकशी केली तर खरंच सभा पुढच्याच म्हैन्यात होती, कॉम्प्युटरवर, आन आधी नाव दिलं तर कुन्याबी शेअरवाल्याला बोलता येत होतं. त्यानं नाव दिलं. म्हाताऱ्याच्या अंगात पुन्हा जीव आला. रोज गोठ्यात एकटाच काय बोलायचं ते पाठ करायचा. तात्याबा चकलांब्याचा निरोप घेऊन आला तर त्याला दारातूनच म्हनला, सभा होऊं दे, मग बोलू.

सभेच्या दिवशी दुपारी आमी सगळे प्रविणच्या हापिसात. म्हाताऱ्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, फेटा बांधला होता. अंजू त्याच्या शेजारच्या खुर्चीवर. बाकीचे शेअरवाले इंग्रजीत बोलत होते, नफा किती, वाटप किती, सगळे मालकाला शाबासकी देत होते. मग आमच्या म्हाताऱ्याचं नाव पुकारलं. म्हातारा उभा ऱ्हायला. प्रविण म्हनला बसून बोला मामा, तुमी दिसत न्हाई. तो बसला. हात जोडले. म्हनला, मी बंकट, मुक्काम उमापूर, तालुका गेवराई. माझी लेक तुमच्या चुलीवर हाय. तिच्या हाताखाली बाया हायेत, सगळ्या इमानानं राबल्या. हाटेल विकताना आमा सभासदांना इचारायचं तरी. इचारलं असतं तर मी तुमच्या पाया पडून नगं म्हनलो असतो.

तिकडला मालक वयस्कर मानूस होता, मराठी चांगली बोलत होता. रागावला न्हाई. लई गोडीनं बोलला. म्हनला, "बंकटराव, तुमच्या मुलीचं मला वाईट वाटतं. पण आम्ही विचारलं होतं. हायवेची हॉटेलं विकायचा ठराव सर्व सभासदांपुढं ठेवला होता, तुम्ही सर्वांनी तो मंजूर केलात. तुमच्या पाठिंब्याबद्दल आभार." आन पुढचं नाव पुकारलं.

 म्हातारा प्रविणकडं बगायला लागला. प्रविणनं रामेश्वरकडं बगितलं, रामेश्वरनं खाली मान घातली. प्रविणला कळलं. त्यानं हळूच म्हनलं, मामा, तुमच्या मतानं काय झालं नसतं, तुमी नगं म्हनला असता तरी ठराव झालाच असता, लाखांनी मतं हायेत. खरंच होतं ते. पन तो थेंब म्हाताऱ्यानं सोताच्या हातानं घातलता, त्याला समुद्र सांगून काय उपेग. अंजूला सगळं ऐकू गेलं. तिनं बापाचा फेटा सैल झालता तो नीट केला आन म्हनली, चला, घरी जाऊ.

त्या दिसापास्नं म्हातारा जेवना. ताटावर बसायचा, एखादा घास मोडायचा, उठायचा. मी आधी रागावले, मग रडले, मग पुन्हा रागावले. अंजू गेवराईची खोली सोडून घरीच आलती. प्रविणनं तिच्यासाठी पुन्यात काम हुडकलं होतं, एका मोठ्या खानावळीत, ऱ्हायची सोय होती. मला वाटलं चला, निभावलं. जीव भांड्यात पडला माझा.

आन एक दिवस तात्याबा पेढे घेऊन दारात. चकलांब्याला होकार कळवला म्हनला. कोनी दिला होकार? अंजूनं. सोता त्याच्या घरी जाऊन. मी तशीच उठले आन गोठ्यात गेले. ती उरलेल्या शेरडांना पाला टाकत होती. मी तिचा दंड धरला. म्हनलं कावून अंजे, पुन्याचं काम हाय की, कावून त्या खड्ड्यात उडी मारतीस?

तिनं हातातला पाला खाली टाकला.

"पुन्याला गेले तर आबाला रोज वाटंल, त्यांनीच मला घरातून काढलं. असेच उपाशी बसून मरतील ते, माय. लग्न केलं तर वाटंल माझंच मन झालं. तू त्यांना काय सांगू नगं."

मी तिच्या थोबाडीत मारायला हात उचलला. मारता आली न्हाई. तिला जवळ घेतली आन शेरडांच्या मधी बसून दोघी रडलो. माझ्या पोटची पोर, आन मला तिला वाचवता येईना. नवऱ्याला वाचवू का लेकीला, असं कुन्या बाईला इचारू नये.

शेअर नंतर रामेश्वरनं विकले, चांगल्या भावात. लग्नाचा खर्च त्यातूनच निघाला. पाव्हने म्हनले, बंकटनं झकास लग्न लावलं. असं बगाल तर कंपनी पारखायला म्हातारा कुठंच चुकला न्हवता.

पन त्या दिवशी संध्याकाळी, तात्याबा पेढे ठेवून गेल्यावर, म्हातारा वसरीत बसला होता. अंजू जाऊन त्याच्यापुढं बसली. मी आतून ऐकत होते. म्हनली, आबा, ते हाटेलाचं काम मलाच नगं झालतं. दिवसभर चुलीपुढं उभं राहून पाय दुखायचे, सांगायची लाज वाटत होती. मला आपलं घर पायजे, लेकरं पायजे. बरंच झालं ते बंद पडलं.

म्हातारा तिच्या तोंडाकडं बगत ऱ्हायला. 

"मनापासून म्हनतीस का पोरी?"

"मनापासून, आबा."

त्यानं डोळं पुसलं. उठला, रांजनापाशी जाऊन हात धुतले आन मला हाक मारली, सारजे, ताट कर. पिठलं होतं, ठेचा होता. किती दिसांनी मानूस पोटभर जेवला. अंजू शेजारी बसून त्याला भाकरी मोडून देत होती, चकलांब्याच्या घरात काय काय हाय ते हसून सांगत होती, आन तो एकेकाला हां हां करत जेवत होता. मी चुलीपुढं होते. त्याच्या ताटातली भाकरी संपली की दुसरी वाढत ऱ्हायले.